रंगखात्यातली चार नावं

जयश्री लोटू बोरसे ही माझी विद्यार्थिनी. सुरतेत लिंबायतच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मी गणित शिकवायचो, तेव्हा ती सातवीत होती. एका वर्गात सत्तर पोरं. बहुतेक खानदेशची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्या तासाला मुकी. जयश्री मात्र बोलायची. उत्तर बरोबर आलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. "पण सर, असंच का?" हे विचारल्याशिवाय ती वही मिटायची नाही. मी तिला हुशार म्हणायचो. ती हट्टीही होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिचे वडील लोटू उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होते. जेट म्हणजे उकळत्या रंगात साडीचं कापड तासन्‌तास फिरवणारं लोखंडी भांडं. त्याच्याजवळ बारा तास उभं राहणारा माणूस घरी आला की बोलत नाही, तसे लोटूही बोलत नसत. आई शोभाबाई घरी बसून साड्यांच्या मागचे सुटे धागे कापायची. धाकटा ललित दहावीला दोनदा बसला आणि मग त्याच मिलमध्ये लागला, रंगखात्यात. तिथे पावडरी तोलून, कालवून रंग तयार करतात, म्हणून सगळे त्याला 'किचन' म्हणत.

ललितला तिथे चिकटवलं मगन सैंदाणे यांनी. मगन आणि लोटू अमळनेरकडच्या एकाच गावचे. लोटूला सुरतेत आणलं मगननेच, राहायला खोली मिळवून दिली ती आपल्या शेजारची, आणि जयश्रीच्या शाळेच्या दाखल्यावर सही नीट होईना तेव्हा लोटूचा हात धरून सही गिरवून घेतली तीही मगननेच. तेरा वर्षं तो किचनमध्ये होता. पोरं त्याला मगनकाका म्हणत.

चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या वर्षी, जयश्री बी.एस्सी.ला होती. अर्धी लिंबायत गाड्यांना लटकून गावी पळाली, तसे बोरसेही पळाले. पंधरा दिवसांनी सगळ्यांत आधी परत आली ती जयश्री, प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करायची म्हणून. पुढे ती एम.एस्सी.ला गेली. आमच्या वस्तीतली तिथवर पोचलेली पहिलीच मुलगी. तिला दोन पेपर असे होते की त्यांनी तिचं डोकं व्यापलं: एक मानवी आनुवंशिकता, दुसरा जीवशास्त्रासाठी संख्याशास्त्र. दुसऱ्याला वर्गातल्या सगळ्या मुली घाबरत. ती रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. सरासरी, प्रमाण विचलन, काय-वर्ग चाचणी. मला जेवढं येत होतं तेवढं मी शिकवलं. तिने त्याच्या बदल्यात मला आनुवंशिकता शिकवली.

एकदा तिने खडूने ओट्यावर चार पिढ्या काढल्या. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन.

"हे बघा सर. रंग ओळखण्याचं हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईला दोन एक्स, पुरुषाला एकच. बाईचा एक बिघडला तरी दुसरा चालतो, तिला कळतही नाही. पुरुषाचा बिघडला की संपलं, लाल-हिरव्यातला फरक गेला. आणि मुलगा एक्स घेतो तो आईकडूनच. म्हणजे आजोबांचं नातवात येतं, मधली आई नुसती वाहून नेते."

"मग आईला काही होत नाही?"

"काहीच नाही," ती म्हणाली. किती आनंदात म्हणाली.

तिच्या प्रबंधाचा विषय तोच होता, रंगांधळेपणा. मार्गदर्शक देसाई सर. प्रश्न तिने स्वतः शोधला होता: रंगाचं काम करणाऱ्यांत रंगांधळे कमी सापडतात का? म्हणजे ज्यांना दिसत नाही ते त्या कामातून आपोआप गळून जातात का? तिने तीन गट ठरवले. कॉलेजची मुलं, लूमवरचे कामगार आणि डाइंग मिलच्या किचनमधले. देसाई सरांनी ठिपक्यांचं पुस्तक दिलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपके आणि त्यात लपलेला आकडा. ज्याचे डोळे चांगले त्याला एक आकडा दिसतो, ज्याचे तसे नाहीत त्याला दुसराच किंवा काहीच नाही. सरांनी एकच ताकीद दिली: कार्डावर फक्त क्रमांक लिहायचा, कोणाचं नाव कुठेही लिहायचं नाही.

तिने कार्डावर क्रमांकच लिहिले. नावं वेगळ्या वहीत लिहिली. पुढे एखाद्याचे मामे, भाचे शोधून वंशावळ काढायची तर नाव हवं ना, हा तिचा हिशोब.

मुलं आणि लूमवाले सहज झाले. मिलमधली माणसं मात्र बसेनात. डोळे तपासणार म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्यांना वाटलं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी मगन पुढे झाला.

"आपलीच पोर शे रे ही," तो सगळ्यांना म्हणाला. "शिकी ऱ्हायनी. दोन मिनिटं बसाले काय जास?"

आणि सगळ्यांत आधी तोच स्टुलावर बसला. जिथे आठ दिसायला हवा तिथे त्याने तीन वाचला. जिथे चौऱ्याहत्तर, तिथे एकवीस. पुढची पानं नुसती बघत राहिला, मग हसला.

"पास का गं?"

"यात पास-नापास नसतं, काका," जयश्री म्हणाली आणि कार्डावर क्रमांक एक लिहिला.

तेरा वर्षांत मगनच्या हातून कापडाचा एकही लॉट बिघडला नव्हता. तो डब्यावरची चिठ्ठी वाचायचा, डब्याची जागा पाठ होती, आणि लाल पावडर बोटांना जास्त चिकटते, हे त्याला ठाऊक होतं. किचनमधल्या चौऱ्याऐंशी माणसांत असे पाच निघाले. पाचवा ललित.

ललितचं तिला आधीच माहीत होतं. घरी तिने त्याला पुस्तक दाखवलं होतं. पहिलं पान सोडून त्याला कुठेच काही दिसलं नाही. शोभाबाई तेव्हा धागे कापता कापता म्हणाली होती, "हाऊ ल्हानपणपासून असाच शे. पिकेल टमाटं आन म्हटलं तं कच्चं आने." मिलमध्ये ललितची पाळी आली तेव्हा जयश्रीने भराभर पानं उलटली, त्याने तोंडातल्या तोंडात काही पुटपुटलं, आणि तिने कार्डावर लिहिलं: दृष्टी सामान्य. हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही.

त्या रविवारी आम्ही आकडेमोड करायला बसलो. तिन्ही गट मिळून चारशे चव्वेचाळीस माणसं, तेवीस रंगांधळे. त्या प्रमाणात किचनच्या चौऱ्याऐंशींत किती यायला हवेत, तर चार पूर्णांक पस्तीस.

"पाचाच्या खाली आलं," मी म्हणालो. "अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असली की काय-वर्गावर भरवसा नाही. परीक्षक पहिलं तेच विचारेल. अजून वीस-पंचवीस माणसं आण."

"दिवसपाळीची माणसं संपली सर. आता रात्रपाळीवालेच राहिलेत. ते सकाळी सातला सुटतात आणि थांबत नाहीत."

"मग मॅनेजरला सांग, थांबवतील," मी म्हणालो. शिक्षकाला असं सांगायला काय लागतं? मी पुढचं गणित काढायला घेतलं.

मॅनेजरचं नाव किशोरभाई कापडिया. आवाज कधी न चढवणारा, सगळ्यांना बेन आणि भाई म्हणणारा माणूस. जयश्री त्याच्या केबिनमध्ये गेली. त्याने तिच्यासाठी चहा मागवला.

"अर्धा तास बसवतो सगळ्यांना, त्यात काय मोठं?" तो म्हणाला. "पण बेन, किचनमध्ये कोणाला रंग दिसत नाही, ते मला सांगशील ने?"

"नावं देता येत नाहीत. आमच्या सरांनी मना केलंय."

"सर तुझे. मिल आमची."

"तुम्ही त्यांना काढाल."

"काढू कशाला? फोल्डिंगमध्ये टाकीन, साड्यांच्या घड्या घालायला. उद्या शेड चुकला तर त्यांचंच नाव खराब होईल. तू तर त्यांचं भलं करतेस." त्याने बशी तिच्याकडे सरकवली. "विचार कर. सकाळी सातला मी गेटवर असेन. लिस्ट असली तर माणसं थांबतील. नसली तर नाही, माझी काही बळजबरी नाही."

ती संध्याकाळी माझ्याकडे आली नाही. आली असती तर मी काय सांगितलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. दर वेळी उत्तर बदलतं, त्यामुळे ते मी इथे लिहीत नाही.

सकाळी सातला तिने एका रंगाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चार नावं लिहून दिली. मगन सैंदाणे, आणि खाली तिघं. पाचवं लिहिलं नाही. किशोरभाईंनी चिठ्ठी खिशात घातली आणि रात्रपाळीच्या अडतीस माणसांना बाकावर बसवलं. त्यांच्यात एक निघाला. त्याचं नाव द्यायची वेळच आली नाही, किशोरभाई तिच्या मागेच उभे होते.

"पुस्तक दोन दिवस राहू दे बेन," ती निघताना ते म्हणाले. "माझ्या मुलाला दाखवतो. गंमत आहे."

तिने पुस्तक ठेवलं.

शनिवारी ठेकेदाराने चिठ्ठीतल्या चौघांना आणि रात्रपाळीतल्या त्या एकाला गेटवर अडवलं. सोमवारपासून यायचं नाही. फोल्डिंगमध्ये? फोल्डिंगमध्ये जागा नाही. एक ओडिशाचा होता, तो त्याच रात्रीच्या गाडीने गेला. बाकीचे कुठे गेले, कोणाला माहीत नाही. मगनला जायला गाव नव्हतं. गावात होतं ते त्याने विकून तीन पोरींसाठी इथे दीड खोली घेतली होती.

सोमवारी दुपारी तो बोरशांच्या दारात आला. लोटू आणि ललित कामावर होते. शोभाबाईने पाणी दिलं. तो उंबऱ्यावर बसून प्यायला.

"जयश्री, यादीत मनं नाव कितवं व्हतं?"

ती भिंतीला टेकून उभी होती. "पहिलं, काका."

"बराबर. मीच आधी बसनू व्हतू." त्याने तांब्या खाली ठेवला. "ललितनं?"

 शोभाबाईच्या हातातली कात्री थांबली.

"लिहिलं नही ना? बरं करं," मगन म्हणाला. "एक तरी ऱ्हावा दे. मी नही सांगाव कोणले."

तो उठून गेला. जयश्री त्याच्या मागे दारापर्यंतही गेली नाही. शोभाबाई मला नंतर म्हणाली, "गुरुजी, त्यानी शिव्या दिध्या असत्या तं मनं मन हलकं व्हतं."

गुरुवारी किशोरभाईंनी किचनमध्ये पुस्तक उघडलं. मुलाला दाखवून झालं असेल किंवा मुलगा नसेलच. त्यांना चिठ्ठीवर विसंबायचं नव्हतं, एवढंच. त्यांनी एकेकाला स्वतः बसवलं. ललितने पहिल्या पानावरचा बारा वाचला आणि पुढे गप्प झाला. किशोरभाईंनी आणखी चार माणसं बोलावली आणि दोन चिंध्या हातात घेतल्या, एक मरून, एक बाटली-हिरवी.

"यातला मरून कुठला?"

ललितने बोट दाखवलं. सगळे हसले. किशोरभाईंनी चिंध्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा हसले. असं चार-पाच वेळा चाललं. त्यात एकदा तो बरोबरही आला, तेव्हा सगळ्यांत मोठं हसू झालं. लोटू जेटवरून हे बघत होता. मशीन सोडून येता येत नाही, लॉट जळतो. तो तिथेच उभा राहिला.

मग किशोरभाई त्याच्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझी पोरगी फार हुशार आहे, लोटू. चार नावं दिली, घरचं गाळलं."

ललितला काढलं. लोटूला ठेवलं. ठेवलं ते काही उपकार म्हणून नाही. जेटवर उभं राहणारा माणूस लवकर मिळत नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. मगन दारापुढे हातपाय धूत होता. लोटू सरळ त्याच्यावर गेला. "तूच सांगं! तुनं काम गयं, म्हनीसन मना पोऱ्यानं बी घालावं?" असं ओरडत त्याने पायातली चप्पल काढली. मगनचे हात ओले होते. त्याने ते वर केले नाहीत. लोटूने त्याला तोंडावर मारलं, कानशिलावर मारलं, तो खाली बसला तेव्हा डोक्यावर मारलं. मगनच्या तिघी मुली आणि बायको धुरपदाबाई दारात उभ्या होत्या, गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती, आणि कोणी मध्ये पडत नव्हतं. मीही पडलो नाही. मगनने सूड म्हणून सांगितलं असणार, असं मलाही वाटलं होतं.

जयश्री आपल्या दारात होती. पुस्तक तिने स्वतःच किशोरभाईंकडे ठेवलं होतं, हे त्या गल्लीत फक्त दोघींना ठाऊक होतं, तिला आणि तिच्या आईला. एक वाक्य पुरे होतं. ती पायांकडे बघत राहिली.

शेवटी शोभाबाई धावली. तिने लोटूचा हात धरला.

"मगनभाऊनी नही सांगं! पुस्तक आपली पोरनं दिधं त्यासले! मगनभाऊ तं म्हने, एक तरी ऱ्हावा दे!" ती रडत होती, आणि रडता रडता नको ते बोलून गेली. "पोऱ्यानी काय चूक? मना बापले बी असंच व्हतं. त्याले बी लाल-हिरवं कळे नही."

लोटूचा हात थांबला. त्याने चप्पल खाली टाकली. बायकोकडे असं बघितलं की जणू ती आत्ताच कुठून तरी येऊन उभी राहिली आहे.

"हाई तुना बापनं शे?"

तिने पदर तोंडाला लावला.

"पंचवीस वरीस व्हई गयात. तू मले सांगं नही." मग तो मुलीकडे वळला. "तू शिकेल शे. सांग. हाई इनाकडून ऊनं का?"

जयश्रीने मान वर केली. खोटं बोलायला तिथे जागा होती. माहीत नाही म्हणता आलं असतं. दोघांकडून येतं, म्हटलं असतं तरी त्या गल्लीत तिला खोडणारं कोणी नव्हतं. मगनसाठी जिला तोंड उघडता आलं नाही, ती इथे ते उघडून बसली. कदाचित गप्प राहिल्याची भरपाई तिला तिथल्या तिथे करायची असेल. कदाचित विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर द्यायची सवयच तेवढी तिला उरली असेल.

"हो," ती म्हणाली, वर्गात उभं राहून म्हणावं तसं. "आईकडूनच येतं. बापाकडून मुलाला येऊच शकत नाही."

उत्तर बरोबर होतं. पूर्ण गुण.

लोटू गल्लीकडे वळला. "ऐकं सगळासनी? मनामा खोट नही."

एवढं मोठ्याने मी त्याला पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. मगन अजून खालीच बसला होता. त्याच्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

दोन दिवसांनी लोटूने शोभाबाईला भुसावळ पॅसेंजरने तिच्या भावाकडे नेऊन सोडलं. "चार दिवस राहून येऊ दे," असं गल्लीत सांगितलं. तिच्या पिशवीत दोन लुगडी आणि धागे कापायची कात्री होती. कात्री का घेतली, म्हणून शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, सवय आहे हाताला. चार दिवसांचे आठ झाले, मग महिना, मग कोणी मोजेनासं झालं. ललित बहिणीशी एक शब्द न बोलता अंकलेश्वरला निघून गेला. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात लागला म्हणे. पत्र आलं नाही.

मगनला कुठल्याही किचनने उभं केलं नाही. मिलवाले एकमेकांशी बोलतात. 'आंधळा मगन' हे नाव पांडेसऱ्याच्या मिलांपर्यंत पोचलं होतं. तो साड्यांच्या गठ्ठ्यांची हातलारी ओढू लागला. नळावर जयश्री उभी असली की धुरपदाबाई भरलेली कळशी ओतून देऊन परत जायची. एक दिवस जयश्री नळावर जायचीच बंद झाली.

प्रबंध मात्र पुरा व्हायला हवा होता. एका रविवारी ती आली. डोळे सुजलेले नव्हते, केस विंचरलेले होते, वही नीट होती. ललितचं कार्ड तिने तेव्हा मला दाखवलं आणि सगळं सांगितलं.

"सर, दोन्ही प्रकारे काढू. त्याला सामान्य धरून आणि खरं धरून."

आम्ही काढलं. रात्रपाळी धरून किचनची माणसं एकशे बावीस झाली होती, अपेक्षित संख्या सहाच्या वर गेली होती. आता चाचणीला कोणी बोट लावू शकत नव्हतं. ललितला सामान्य धरून काय-वर्ग आला शून्य पूर्णांक सत्तेचाळीस. त्याला रंगांधळा धरून शून्य पूर्णांक बावीस. फरक खरा म्हणायला तक्त्याप्रमाणे निदान पाच पूर्णांक नव्व्याण्णव लागतो.

"फरक नाही," मी म्हणालो.

"कशात?"

"कशातच. किचनमध्ये रंगांधळे कमीही नाहीत, जास्तही नाहीत. इतर ठिकाणी जेवढे, तेवढेच. ललितचं खरं लिहिलं काय, खोटं लिहिलं काय, निष्कर्ष तोच."

तिने दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली. "रात्रपाळी घेतलीच नसती तर?"

"तर ठामपणे काही म्हणता आलं नसतं."

"आणि आता?"

"आता ठामपणे म्हणता येतं, की काही नाही."

ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही बघायला मिळू नये असं वाटलं.

देसाई सरांना तिने नावांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तुला लिहू नको म्हटलं होतं," एवढंच म्हणाले आणि प्रबंधावर सही केली. ललितचं खोटं कार्ड तसंच राहिलं. ते बदलायचं तर का बदललं, हेही लिहावं लागलं असतं. शेवटच्या परिशिष्टात एक वंशावळ होती, 'कुटुंब क्रमांक १'. मगनची. काळा चौकोन तो, आणि खाली तीन वर्तुळं, प्रत्येकात एक ठिपका, म्हणजे दोष वाहून नेणारी. त्याच्या तिघी मुली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. कामगारांनी एवढं सहकार्य कसं केलं, असं त्यांनी विचारलं. "ओळखीचे होते," ती म्हणाली. पहिला वर्ग मिळाला. वस्तीत पेढे वाटावेत, अशी ती गोष्ट होती. कोणी वाटले नाहीत, कोणी मागितले नाहीत. तिला उधन्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम लागलं. सकाळी बापाचा डबा करून ती जायची, संध्याकाळी येऊन भाकरी थापायची. लोटूने तिला कधी बोल लावला नाही. तिच्याशी बोललाही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ती आईला आणायला गेली. काय झालं ते तिने मला परत आल्यावर सांगितलं. त्या दिवशी ती ओट्यावर बसली नाही, उभ्यानेच बोलली.

शोभाबाई भावाच्या घरी मागच्या पडवीत राहत होती. भावजयीने तिला चुलीजवळ येऊ देणं बंद केलं होतं. डोळ्यांचं वाण तिच्याकडून आपल्या पोरांत येईल, अशी तिची समजूत. जयश्रीने मामीला वहीत काढून दाखवलं की तसं होत नाही, होऊच शकत नाही, हे फक्त पोटच्या पोरांत उतरतं. मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू बी तिनाच पोटनी शे ना? तं तू बी बाहेर बस."

दोघी पडवीत बसल्या. शोभाबाई खूप वाळली होती. जयश्री म्हणाली, चल, मी कमावते, वेगळी खोली घेऊ. आईने मान हलवली.

"तुना बाप मले आठे भाऊना घर सोडीसन गया. तोच लेवाले ई तं येसू."

"तो नाही येणार, माय."

"मंग ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुले बी शे का ते? मनासारखं?"

"असेल किंवा नसेल. निम्मी निम्मी शक्यता."

शोभाबाईने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मंग कोणले सांगू नको. लगीन व्हई तं नवरालेबी नको. मी सांगं, तं आठे ऊनू."

जयश्री संध्याकाळच्या पॅसेंजरने निघाली आणि सकाळी घरी पोचली. लोटू कामावर जायच्या तयारीत खाटेवर बसला होता. त्याने तिच्या मागे दाराकडे बघितलं.

"नही उनी?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. मग खाटेवरून उठत, "डबा कर. उशीर व्हई ऱ्हायना."

तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पीठ मळायला घेतलं.